काचेतली भानामती

केसरबाईंच्या गच्चीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. दापोडीच्या त्या चाळीत इथे वाळत घातलेले कपडे रोज भरदुपारी आपोआप पेटत होते.

"भानामती सूनबाईच्या अंगात हाय!" बाधा उतरवायला बोलावलेले महाराज गरजले. "हितं उन्हात बसवा. ती किंचाळली की बाधा सुटली समजा. ओम फट् फट् स्वाहा!"

दोन बायकांनी केसरबाईंच्या रडणाऱ्या सुनेला, सुप्रियाला, ओढत आणलं.

शेजारची आम्रपाली धावत वर आली. इमारत बांधण्याआधी ती किती तापेल, याचं संगणकावर गणित मांडणं हे तिचं काम. सगळे सुप्रियाकडे बघत होते. आम्रपालीची नजर फरशीवर गेली. रस्त्यापलीकडच्या नव्या काचेच्या इमारतीवरून उन्हाचा झगझगीत पट्टा येऊन हळूहळू सरकत होता. तो महाराजांच्या आसनाजवळ आला, तसे महाराज मंत्र न थांबवता आसनासकट मागे सरकले. पट्टा पुढे आला. महाराज पुन्हा सरकले.

हा पट्टा पोळतो, हे याला ठाऊक आहे! आम्रपालीच्या लक्षात आलं.

"थांबा!" तिने सुप्रियाला हिसका देऊन मागे ओढलं.

"मधी पडू नगंस पोरी, कोप व्हईल," केसरबाई कापऱ्या आवाजात म्हणाल्या.

"होऊ दे, मावशी." तिने महाराजांचं उपरणं खेचून पट्ट्यात टाकलं.

काहीच झालं नाही. कुणीतरी फिदीफिदी हसलं. महाराज हात उगारून उठले. इतक्यात भगव्या कापडावर तपकिरी डाग पडला आणि धूर निघाला. आम्रपालीने पूजेचा पाट उन्हाच्या आड धरला, धूर थांबला. पाट काढला, कापड पुन्हा धुमसू लागलं.

"काय महाराज, आता तुमच्या अंगात शिरली का?"

महाराजांनी जिना गाठला, पण लोकांनी वाट अडवली.

"समोरची ती काचेची भिंत आत वळलेली आहे," आम्रपाली म्हणाली. "आतला एसी कमी चालावा म्हणून काच ऊन बाहेर फेकते, आणि वळणामुळे ते सगळं इथे एकवटतं. भिंगाने कागद जाळतो ना, तसंच."

"म्हंजी माझ्या सुनेचा कायबी दोष न्हाई?"

"मी रोज सांगत होते, आई, समोरून झळ येते म्हणून," सुप्रिया म्हणाली. "ऐकलं कुणी?"

केसरबाईंनी तिला हाताला धरून सावलीत बसवलं.

संध्याकाळी सगळी चाळ जळके कपडे घेऊन त्या इमारतीच्या दारात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत काचेवर जाड कापड चढलं. कपडे पेटायचे थांबले.

काही विपरीत घडलं, तर आधी कारण शोधा. माणसाला उन्हात बसवू नका.