दीडशे फेऱ्यांनंतरचा नारळ

सदानंदाचे डोळे साखरेनं नेले, तेव्हापासून त्या घरात शुक्रवारी संध्याकाळी मुक्ताबाईनं बोलायचं आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं, असं ठरून गेलं. एरवीही तीच बोलायची म्हणा. पण एरवीच्या बोलण्यात सुनेच्या पोळ्या, मुलाचं सुटलेलं पोट, खालच्या बकाल्यातल्या वाण्याची शिळी कोथिंबीर असं काहीबाही असायचं. शुक्रवारी ती टीव्हीपुढं खुर्ची ओढून बसायची आणि आंधळ्या नवऱ्याला गाड्यांची शर्यत सांगायची.

गाड्या दिसायला रस्त्यावरच्यासारख्या, पण आतून उकरून नवा जीव घातलेल्या. गोल रस्ता, कडेनं भिंत, आणि वीसेक गाड्या एकमेकींना घासत फिरणार. स्टॉक कार म्हणतात त्याला. सदानंदाला हा नाद इथं आखातात, रिफायनरीत लागला. कंप्रेसरवर त्याचा एक अमेरिकन साहेब होता, तो सुट्टीला ह्याला वफ्र्याच्या वाटेवरच्या ट्रॅकवर घेऊन जायचा. साहेब त्याच्या देशी गेला, नाद इथंच राहिला. नोकरी संपली, खैतानमध्ये मुलाच्या घरी राहायला आले, तरी सुटला नाही.

आणि त्या नादाच्या मध्यभागी हमजा. पोरगा खैतानचाच. त्याच्या बापाचं टायरचं दुकान ह्यांच्या मागच्या गल्लीत होतं. टायर ढकलत ढकलत तो मोठा झाला आणि आखाती लीगमध्ये सत्तावीस नंबरची गाडी पळवायला लागला. सदानंदानं त्याच्या बापाकडून टायर घेतलेले, तेवढ्यावर तो पोरगा ह्याच्या घरचा झाला. अजिंक्यपदाची ढाल त्याच्या हातून दर वर्षी थोडक्यात हुकायची. ह्या मोसमानंतर शर्यत सोडणार, असं त्यानं जाहीर करून टाकलं होतं.

डोळे गेल्यावर सदानंदानं बोलणंच टाकलं होतं. वाढलं तर जेवायचा, उठवलं तर उठायचा. खिडकीपाशी बसून राहायचा, एखादी वस्तू ठेवून द्यावी तसा. शुक्रवारी मात्र सकाळपासून चेहरा जागा व्हायचा. “पहिल्या ओळीत कोण उभंय गं?” एवढं विचारण्यासाठीच हा माणूस आठवडाभर श्वास घेतो, असं मुक्ताबाईला वाटायचं. त्यामुळे हमजानं ह्या वर्षी जिंकावं ही काही तिची हौस नव्हती. गरज होती.

सांगण्याचा तिचा एक नेम होता. डोळ्यांना दिसल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही. टीव्हीवरचे बोलणारे गाडी सोडून जाहिरातवाल्यांचं कौतुक करत बसायचे, म्हणून त्यांचा आवाज बारीक ठेवलेला. पूर्वी सदानंद नुसत्या आवाजावरून सांगायचा, “हा हमजा आला.” पण लीगवाल्यांनी मध्येच फतवा काढला, सगळ्यांना एकाच कारखान्याचं इंजिन, एकाच साच्यातलं पत्र्याचं अंग. तेव्हापासून कानही आंधळे झाले. आता राहिली फक्त मुक्ताबाईची जीभ.

त्या शुक्रवारी शेवटची शर्यत होती. पूर्वी ती वफ्र्याच्या वाटेवर व्हायची, अर्धं खैतान डबे घेऊन जायचं. आता लीगनं ती दुसऱ्या देशातल्या एका चकचकीत ट्रॅकवर नेली होती. अर्ध्या शर्यती एका ॲपवर, उरलेल्या दुसऱ्यावर. वरच्या मजल्यावरच्या काशिफकडं ते दुसरं ॲप नव्हतं, म्हणून तो खाली ह्यांच्याकडं यायचा. पाकिस्तानी माणूस, बँकेत हिशेबनीस, पण हमजाचं नाव निघालं की डोळ्यात पाणी.

जेवताना मुलानं, विश्वासनं, विषय काढला. “आई, हमजा वर्षभर पुढं आहे हे विसर. आज सगळे गुण पुसलेत. पहिले चौघं सारखे. आज त्यांच्यात जो पुढं येईल, त्याची ढाल.”

“म्हणजे वर्षभर घर मी चालवायचं, आणि दिवाळीला जिचा लाडू गोल होईल तिला मालकीण करायचं?”

“आई, माझा लाडू गोलच होतो,” सून शलाका स्वयंपाकघरातून म्हणाली.

“दगडही गोलच असतो.”

“अगं, लोक शेवटपर्यंत टीव्हीपुढं बसावेत म्हणून करतात ते,” विश्वास म्हणाला.

“मग खुर्चीला बांधा म्हणावं. गुण कशाला पुसता?”

सदानंद हसला. खूप दिवसांनी हसला. शलाका पोळीचं उलथनं हातात घेऊन दारात आली आणि सासऱ्याकडं बघत राहिली. मुक्ताबाईनं ते बघितलं, आणि उठून देवापुढचा नारळ आणून टीव्हीशेजारी ठेवला.

शर्यत सुरू व्हायच्या आधीच विश्वासला प्लँटमधून फोन आला, तो गेला. काशिफ खजुराचा डबा घेऊन आला आणि सोफ्याच्या टोकावर बसला.

“कुठंय?” सदानंद विचारायचा.

“तिसरा. भिंतीकडून चाललाय.”

“भिंतीला किती जवळ?”

“मध्ये पोस्टकार्ड जाईल.”

“आत का येत नाही?”

“आत गर्दी आहे. लग्नातल्या पंगतीसारखे घुसलेत सगळे. थांबा, थांबा. नऊ नंबर फाकला. हमजा आत घुसला. दुसरा.”

सदानंदाचे हात खुर्चीच्या दांड्यांवर वळायला लागले, जणू तिथं स्टिअरिंग होतं.

अर्ध्यावर एका गाडीचा बंपर तुटून रस्त्यात पडला. चांगला धडधडीत पडलेला, खाट टाकावी तसा. बाकीचे चुकवत चुकवत पळत होते, तरी लीगवाल्यांनी धोक्याचं पिवळं निशाण काढलं नाही. काशिफ ओरडला, “अंधे हैं क्या!” आणि लगेच जीभ चावली. सदानंदाला त्याचं काही वाटलं नाही. “जाहिरात संपायची असेल अजून,” तो म्हणाला.

मगरिबची अजान झाली तेव्हा हमजा पहिला होता. काशिफ उठला. “आंटीजी, मैं नमाज़ पढ़के आता हूँ. हमजा को संभालना.”

“तू तुझ्या देवाला संभाळ, इकडं मी बघते.”

तो गेला. शलाका अंघोळीला गेली. घरात दोघं म्हातारी आणि एकशे चाळीस फेऱ्या पळालेल्या गाड्या. हमजा एकटा पुढं निघाला होता, मागच्याला त्याची धूळसुद्धा लागत नव्हती. एकशे सत्तेचाळीसावी फेरी पुरी झाली आणि पिवळं निशाण निघालं.

“काय झालं?” सदानंद ताठ झाला.

“काही दिसत नाही.” ती टीव्हीजवळ सरकली. कॅमेरा फिरला. कडेच्या वाळूपाशी एक प्लास्टिकची पिशवी वाऱ्यानं फडफडत होती. “पिशवी आहे. भाजी आणायची पिशवी.”

“बंपरला निघालं नाही, पिशवीला निघालं?”

“निघालं.”

पिवळं निशाण असलं की गाड्या रांगेत हळू चालतात, कुणी कुणाला ओलांडायचं नाही. पण फेऱ्या मोजल्या जातात, पडद्याच्या कोपऱ्यात आकडा सरकत असतो. मुक्ताबाईनं मनात मांडणी केली. फेऱ्या दीडशे. राहिल्या तीन. ओलांडायची बंदी. पुढं हमजा. हे तिसरीतल्या पोराला सुटेल असं गणित होतं, आणि मुक्ताबाई चौथीपर्यंत शिकली होती.

तरी तिनं नेम मोडला नाही. एकशे अठ्ठेचाळीस म्हणाली, एकशे एकोणपन्नास म्हणाली. कोपऱ्यात दीडशे उमटलं आणि सत्तावीस नंबर रेघेवरून पुढं गेला, तेव्हाच तिनं तोंड उघडलं.

“जिंकला हो! हमजा जिंकला!”

नारळ घेऊन ती बाल्कनीत गेली. उंबऱ्यावर एका घावात फोडला, पाणी पेल्यात धरलं, सुरीनं खोबऱ्याचा तुकडा काढला आणि आत येऊन नवऱ्याच्या तोंडात घातला. सदानंदाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतक्या दिवसांनी ते डोळे कशाच्या तरी कामी आले, असं तिच्या मनात आलं. तिनं पदरानं ते पुसलं नाही. वाहू दिलं.

“पोरानं केलं गं,” तो म्हणाला. “मुक्ते, पोरानं केलं.”

मुक्ते म्हणून त्यानं हाक मारली त्याला कैक वर्षं झाली होती.

तेवढ्यात काशिफ आला. टोपी अजून डोक्यावर होती. त्यानं फोडलेला नारळ बघितला, पडदा बघितला, आणि मुक्ताबाईला हातानं पॅसेजमध्ये बोलावलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, “आंटीजी, ख़त्म नहीं हुआ. आखिर में पीला आए तो दो लॅप और होते हैं. इसी साल का रूल है.”

“दीडशे झाल्यात. माझ्या डोळ्यांनी बघितल्यात.”

“डेढ़ सौ हो गए. फिर भी दो और.”

“आणि त्या दोनमध्ये पुन्हा पिशवी आली तर?”

“तो फिर और दो.”

मुक्ताबाई पॅसेजच्या दारापर्यंत आली. भिंतीला हात टेकून तिनं पडद्याकडं बघितलं. लांब मागं राहिलेल्या गाड्या आता हमजाच्या पाठीला चिकटून उभ्या होत्या. त्यानं कमावलेलं सगळं अंतर त्या पिशवीनं खाल्लं होतं. हिरवं निशाण पडलं.

गाड्या गरजल्या. पहिली फेरी हमजानं राखली. दुसऱ्या फेरीच्या वळणावर नऊ नंबरनं मागून नाक लावलं, मुद्दाम लावलं, शेजारीण नळावर कोपर मारते तसं. सत्तावीस नंबर आडवी झाली, भिंतीला घासत गेली आणि पुढचं पत्र्याचं अंग सगळं आत गेलं. नऊ नंबर निशाणाखालून पार झाली. हमजा खिडकीची जाळी काढून बाहेर आला, डोक्यावरचं शिरस्त्राण न काढताच भिंतीला टेकून बसला.

“काय गं?” सदानंदाच्या गालात अजून खोबरं होतं. “ह्या गाड्या कसल्या? एकट्याची फेरी नाही ही. सगळ्या पळाल्या.”

काशिफच पुढं झाला. “अंकल, वो जीत का चक्कर लगा रहे थे. सब साथ में.” आणि त्यानं मुक्ताबाईकडं बघून हात जोडले.

चालवून घ्यावं, असं तिला फार वाटलं. विश्वासला सांगता आलं असतं, शलाकाला दटावता आलं असतं. हमजाही आता कधी पळणार नव्हता, त्यामुळे खोटं उघडं पडायला पुढची शर्यतही नव्हती. पण ह्या माणसाचं जग तिच्या तोंडाएवढं होतं. आज ती खोटं बोलली तर उद्या भात शिजलाय म्हणून सांगितलं तरी त्याला चाचपून बघावं लागेल.

“अहो,” ती म्हणाली, “मी चुकले.”

काशिफनं मान खाली घातली. हा शब्द तिनं सासूपुढं, सुनेपुढं, देवापुढंसुद्धा कधी काढला नव्हता.

“दोन फेऱ्या वाढवल्या त्यांनी. नऊ नंबरनं मागून ढकललं. हमजा भिंतीला लागला. पोराला काही झालेलं नाही, बसलाय. पण ढाल गेली.”

सदानंदानं तोंडातला तुकडा काढून तळहातावर घेतला. बराच वेळ तो बोटांनी चाचपत राहिला.

“दीडशे झाल्या होत्या?”

“झाल्या होत्या.”

“तेव्हा पुढं कोण होतं?”

“हमजा.”

“मग तू कुठं चुकलीस?” तो म्हणाला. “बंद कर ते.”

तिनं टीव्ही बंद केला. काशिफ खजुराचा डबा तसाच ठेवून जिना चढून गेला. दुसऱ्या दिवशी शलाकानं त्या नारळाची चटणी वाटली. मुक्ताबाईनं ती पानात घेतली नाही, आणि मिठाबद्दलही काही बोलली नाही. शलाका घाबरली, नवऱ्याला म्हणाली, आईंना बरं नाही का हो?

थंडी सरली. एका शुक्रवारी विश्वास मोबाइल बघत म्हणाला, “बाबा, लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की लीगनं ऐकलं शेवटी. पुढच्या मोसमापासून गुण पुसणार नाहीत. ॲप चालू ठेवू ना?”

“हमजाला सांगा,” सदानंद म्हणाला. त्यानं तोंड खिडकीकडं वळवलं.

संध्याकाळी, शर्यतीच्या वेळेला, मुक्ताबाईनं खुर्ची टीव्हीपुढून उचलली आणि खिडकीत त्याच्या शेजारी नेऊन ठेवली. बाहेर धुळीनं उजेड पिवळट झाला होता. ती खुर्चीत टेकली. मग घसा खाकरून सुरू झाली.

“पाण्याचा टँकर पुढं आहे. मागं शाळेची बस. आतल्या कडेनं डिलिव्हरीवाला घुसतोय मेला, मरायचाय वाटतं. टॅक्सीनं वाट दिली.”

सदानंदाचे हात दांड्यांवर पडलेले होते. वळले नाहीत.

“थांबल्या सगळ्या,” ती म्हणाली. “सिग्नल पिवळा झाला.”

त्याचे ओठ हलले. “पिशवी आहे का बघ.”

मुक्ताबाईनं खिडकीतून वाकून खरंच बघितलं. बघितल्याशिवाय सांगायचं नाही, असा तिचा नेम होता.

“नाही,” ती म्हणाली. “पिशवी नाही.”