पांढरीचा वारस

दिवाळी सरली की निघोजे गावाजवळच्या नदीत उरायचे नुसते गोटे. पावसाळ्यात मात्र तिच्या अंगात यायचं. चौपन्न साली तिनं काठावरची पांढर, म्हणजे जुन्या मोडलेल्या गावाचं टेकाड, अर्धं कापून नेलं. दरडीत रंगवलेली मडकी उघडी पडली आणि मडक्यांशेजारी माणसाचा आख्खा सापळा.

गावातल्या मालोजीरावांना आनंद झाला. सापळा बघून आनंद होणारा माणूस विरळाच. पण पोळ्याला वेशीतून पहिले बैल कुणाचे, यावरून त्यांचं आणि गेनबाचं पिढीजात वैर होतं. पंचांनी निवाडा दिला होता की, ज्याचे वाडवडील इथं आधी वसले त्याचा मान. तेव्हापासून मालोजीराव येईल त्याला पांढर दाखवून सांगत, "हे आमच्या पूर्वजांचं गाव!" पुरावा म्हणून मिशीला पीळ देत.

पुण्याहून एक विद्वान साहेब आले. कुंचल्यानं माती झाडून म्हणाले, "तीन हजार वर्षांपूर्वीचा असावा हा माणूस."

मालोजीरावांची छाती फुगली. "आमचाच! ऐकलंस का रं गेनबा?"

गेनबानं डोक्यावरची टोपी काढली.

"ऐकलं, दादा. लई वाईट झालं. घरचं मानूस गेल्याचं आज कळलं, म्हंजी सुतक आजपास्नं. धा दिस. आन् पोळा तर परवा हाय."

लोक गालात हसले. भटजींना तेराव्याचं जेवण दिसू लागलं, त्यांनी लगेच मान डोलावली. मालोजीरावांना घाम फुटला. बैलांची शिंगं रंगवून झालेली, वाजंत्री ठरलेली, आणि यंदाचा मान डोळ्यांदेखत चालला!

"छ्या! कोन कुठला हा!" ते ओरडले. "आमचा काई संबंध न्हाई याच्याशी!"

"समद्यांनी ऐकलं न्हवं?" असं विचारून गेनबा दरडीपाशी बसला, त्यानं सापळ्याला हात जोडले आणि गळा काढला, "बाबा, कुनी न्हाई म्हनलं तरी आमी हाय की तुझं!"

पोळ्याला मालोजीरावांचे बैल वाजतगाजत सगळ्यांच्या पुढं निघाले. वेशीलगतच्या आपल्या ओट्यावर गेनबा डोकं भादरून सुतकात बसला होता. त्यानं अदबीनं हात जोडले.

"यंदा घ्या मिरवून, दादा. फुडल्या सालापास्नं ज्याचं वाडवडील, त्याचा मान."