उठून उभ्या राहिलेल्या कंपन्या

सादरीकरणाला जेमतेम तासभर उरला असताना तिने आपली सहज म्हणून प्रकल्पाच्या कंपन्यांच्या यादीत वडिलांची कंपनी शोधली.

शेजारी तिची मैत्रीण दशांश स्लाइडवरचे रंग बदलत बसली होती. उत्तरातल्या दशांशाच्या तिसऱ्या घरासाठीही हमरीतुमरीवर यायची, म्हणून वर्गाने तिला हे नाव ठेवलेलं. वित्तीय गणिताच्या एम.एस्सी.ला दोघींचा मिळून एकच प्रकल्प: भाव कोसळलेले शेअर घ्यायचे, सावरले की विकायचे. हा नियम त्यांनी जुन्या भावांवर चालवून पाहिला होता आणि आलेख कसा झोकात वर गेला होता. आज तो बघायला बँकेची माणसं येणार होती. दोघींपैकी एकीलाच ती नोकरीवर घेणार, हे सरांनी आधीच कानावर घातलेलं.

तिला ही नोकरी हवीच होती. नवऱ्याची बदली निघाली होती ती कारखान्यांच्या गावी. तिथे तिच्या गणिताला कुणी विचारलं नसतं. "तुझं इथे जमलं तर मी नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला होता. "नाहीतर बांधू गाठोडी."

"न जमायला काय झालं?" नातीला मांडीवर थोपटत सासूबाई म्हणाल्या होत्या. "एका हाताने पोर, दुसऱ्या हाताने गणितं. मी तर नुसती बघूनच दमते."

वडिलांची घड्याळांची कंपनी यादीत कुठेच नव्हती.

"अगं, घड्याळवाली कुठे गेली? बाबा कामाला होते ती?"

"ती बुडाली ना? मग कशी असेल? यादी आत्ताच्या बाजाराची आहे. आज ज्यांचे शेअर मिळतात त्यांची..."

बोलता बोलता दशांशचा हात माऊसवरच थांबला. पडल्या आणि पडूनच राहिल्या, त्या कंपन्या त्यांच्या यादीत आल्याच नव्हत्या. होत्या त्या सगळ्या सावरलेल्या. मग पडलेली प्रत्येक कंपनी उठणारच की!

बुडालेल्यांचे जुने भाव विभागाच्या संग्रहात होते. दशांशकडून माऊस घेऊन तिने ते घातले आणि नियम पुन्हा चालवला. रेघ थोडी वर गेली, अडखळली आणि घसरत तळाला गेली.

"कुणाला कळणारे?" दशांश कुजबुजली. "ते आलेख बघतात, यादी नाही."

"आणि यावर कुणी खरंच पैसे लावले तर?"

"आई झाल्यापासून तू ना, साऱ्या जगाची आई झालीयेस." ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "यादी मी केलीये गं. माझं नाक कापलं जाईल."

यादी दशांशने एकटीने केली होती, कारण तेव्हा ही बाळंतीण होती. टाके ओले, पोर रात्रंदिवस आकांत करणारी. दशांश खाटेच्या कडेला टेकून चुकलेलं एकेक व्याख्यान तिला समजावून सांगायची, मधेच वही बाजूला ठेवून दुपटी बदलायची. सख्खी बहीण काय करेल असं.

"तुझं नाव येणार नाही," तिने दशांशला शब्द दिला.

सादरीकरणात तिने दोन्ही आलेख दाखवले. "पहिला चुकीचा आहे. बुडालेल्या कंपन्या आम्ही धरल्याच नव्हत्या." सरांनी पेनाचं टोपण लावून टाकलं. बँकेच्या बाई मात्र खुर्चीत पुढे सरकल्या.

"यादी कुणी केली होती?"

तिने शेजारी पाहिलं. दशांश बुटांकडे बघत होती.

"मी."

"अच्छा." बाई दशांशकडे वळल्या. "म्हणजे चूक तुम्ही पकडलीत?"

दशांशने मान वर केली.

"हो," ती म्हणाली.

निकाल तिथल्या तिथेच लागला. असं डोळ्यांत तेल घालून बघणारं माणूस आम्हाला हवं असतं, असं म्हणून बाईंनी दशांशचा हात हातात घेतला.

बाहेर पायऱ्यांवर दशांशने तिला गाठलं. "मी सांगते त्यांना. आत्ता जाऊन सांगते." असं म्हणून ती पर्सचा पट्टा पिळत तिथेच उभी राहिली. आत दिवे बंद व्हायला लागले, तरी उभीच.

"मला जाऊ दे," ती म्हणाली. "दूध भरून आलंय."

घरी लेक ओठ काढून वाटच बघत होती. तिने बसल्या बसल्या तिला पदराखाली घेतलं. नवरा दारात येऊन थांबला.

"कळवून टाक त्यांना," ती मान वर न करता म्हणाली.

"पण झालं काय?"

"ते मग विचार," सासूबाई म्हणाल्या. "आधी पिऊ दे पोरीला."

तो फोन घेऊन बाहेर गेला. लेकीचा तळवा तिच्या छातीवर पसरला होता, घामेजलेला, इवलासा. बाहेरून नवऱ्याचा कामावरचा, अदबीचा आवाज आला: "हो साहेब, येतो. हो, हो, बिऱ्हाडासकट."

तिने लेकीला दुसऱ्या बाजूला घेतलं.