उशीच्या अभ्र्यातली पानं

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर तुम्ही आमच्या मॅलीतले, ऑस्ट्रेलियातल्या या कोरड्या गव्हाच्या मुलखातले, नाही. पण ग्लेनिसनं त्या रविवारी लेट्यूस इतकं धुतलं, की त्याच्या पानातून आरपार मी पेपर वाचला. घोड्यांच्या शर्यतींचे निकालसुद्धा.

ग्लेनिस म्हणजे आमच्या, हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या, बोल्स क्लबची स्वयंपाकीण. तिची पद्धत इथल्या सगळ्या बायकांची. पानं अंगणातल्या पावसाच्या टाकीच्या पाण्यात बुचकळायची, उशीच्या अभ्र्यात भरून गाठ मारायची आणि निथळायला वॉशिंग मशीनमध्ये नुसती गरगर फिरवायची. पानात गोगलगाय निघाली तर म्हणायची, "ताजं आहे म्हणून आलीय बिचारी." खाली पडलेला टोमॅटो एप्रनला पुसून परत ताटात. आम्ही कोणी मेलो नाही.

पण त्या रविवारी तिची लेक टीगन मेलबर्नहून येणार होती, पोटुशी. आधीचं मूल अर्ध्यावरच गेलं होतं. आता नर्सनं बजावलं होतं, कच्च्या पाल्यापासून जपून राहा. "माझ्यासाठी काही करू नकोस, आई," असं टीगन फोनवर म्हणाली होती.

सकाळी मी तिच्या घरी लिंबं द्यायला गेलो, तर घरभर व्हिनेगरचा वास. ग्लेनिस सिंकवर वाकलेली.

"अर्नी, हात धुतलेस?"

"अगं, लिंबं द्यायला आलोय, ऑपरेशन करायला नाही."

"आधी धू. नखंसुद्धा."

मी धुतले. ती एकेक पान उजेडात धरत होती.

"टाकीत बेडूक असतात ना रे?"

"असतात की. पोहायला बिचारे जाणार कुठे?"

"चेष्टा नको." तिचे हात थांबले. "मागच्या वेळी ती इथंच जेवून गेली होती. माझ्या हातचं. त्यानंतर आठवड्याभरात..."

मी लिंबंसुद्धा धुवायला घेतली. लिंबांच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं.

मग तिनं पाणी उकळून गार केलं, पानं पुन्हा धुतली, नवाकोरा अभ्रा काढला. आणि मशीन सुरू करताना, भीतीच्या भरात, त्यात लोकरी कपड्यांचा निलगिरीवाला साबण ओतला! फेस अंगणात आला. कुत्रा पांढरा झाला. कुंपणावरचे मॅगपाय पक्षी ओळीनं शिंकले. गावात त्या वर्षी कोणाला सर्दी म्हणून झाली नाही.

ती पानं फेकली. वाफ्यातला शेवटचा गड्डा कापून आणला, पुन्हा पहिल्यापासून सगळं.

आणि टीगन जेवायला बसली. लेट्यूसचा वाडगा पुढे ओढला, एक पान तोंडात टाकलं, म्हणाली, "आई, असं लेट्यूस मेलबर्नात मिळत नाही!" दोनदा वाढून घेतलं. चावण्याचा कुरकुर आवाज पार गव्हाच्या कोठारापर्यंत...

"अर्नी, पुरे."

माझी गोष्ट ऐकणारे क्लबातले सगळे हसायचे थांबले. स्वयंपाकघराच्या खिडकीत ग्लेनिस उभी होती, हातात ओलं फडकं.

"खोटं आहे हे. तिनं एका पानाला हात लावला नाही. 'छान दिसतंय गं,' म्हणाली आणि पिशवीतून स्वतःचं जेवण काढलं. काटासुद्धा घरून आणला होता तिनं."