आठव्या आठवड्याचा आकडा

"बाबा, चालताना बोलायचं नाही. थांबावंसं वाटलं तर थांबा, पण घड्याळ चालूच राहील," तृप्ती म्हणाली.

अण्णांनी मान हलवली आणि चालायला लागले.

फिजिओथेरपी कॉलेजचा तिसरा मजला. तीस मीटरचा कॉरिडॉर, दोन्ही टोकांना नारिंगी शंकू. सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो, एवढंच मोजायचं होतं. जुनाट कंबरदुखीवर कोणता व्यायाम लागू पडतो, हा तृप्ती गावितच्या प्रबंधाचा विषय. चोवीस पेशंट हवे होते. आठव्या आठवड्यापर्यंत टिकले अठरा. त्यातले एक अण्णा, माझे वडील.

"छान चाललंय. चार मिनिटं राहिली," ती म्हणाली. ठरलेल्या वाक्यांपलीकडे बोलायची तिलाही मुभा नव्हती.

अण्णा शंकूला वळसा घालताना भिंतीला हात लावत नव्हते. घरी लावायचे.

अंबडच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं इन्स्पेक्टर होते. शाफ्टच्या मापात केसभर फरक निघाला तरी अख्खा ट्रे परत पाठवायचे. मालकाचा मेहुणा एकदा गळ घालायला आला, तेव्हा म्हणाले होते, "शेठ, माल तुमचा. सही मनी शे." एवढी वर्षं शहरात राहूनही त्यांची सटाण्याकडची बोली गेली नव्हती.

पहिल्या दिवशी ते दोनशे ऐंशी मीटर चालले होते. या खेपेला तीनशे छत्तीस भरले. तृप्तीने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि आकड्यांची पट्टी समोर धरली.

"शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आज किती?"

"तीन."

"पहिल्या दिवशी आठ होतं, बाबा."

"मंग? इतके दिवस तुनी वजनं काय फुकट उचलली का?"

ती हसली. "रात्री दुखण्याने जाग येते?"

"नाय."

"वजन कमी झालंय?"

"ही पोरगी ताटावरून उठू देत नाही. कमी कसं व्हईल?" माझ्याकडे बोट करत ते म्हणाले.

मी खिडकीपाशी उभी होते. त्याच आठवड्यात त्यांनी खिळा तापवून पँटच्या पट्ट्याला तिसरं जास्तीचं भोक पाडलं होतं. सकाळी चहा उकळेपर्यंत ते फ्रिजवर कपाळ टेकवून उभे राहायचे.

विचारलं ते रिक्षात बसल्यावर. "अण्णा, तीन कशाला सांगितलंत?"

"तिचे सहा पेशंट पळाले. गाइड सरांनी फाइल आपटली तिच्यासमोर, मी पायलं. सुरगाण्याच्या पाड्यावरली पोर शे ती. बाप द्राक्षाच्या छाटणीले येस इकडे."

"म्हणून खोटं माप द्यायचं? तुम्ही?"

"माप शाफ्टचं ऱ्हातं. दुखनं मनं शे, मी सांगेन ते."

"मग उद्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू."

"पास व्हऊ दे तिले. मंग जाऊ."

मी हट्ट धरला नाही. ओझरच्या शाळेत मी ग्रंथपाल आहे. माझी रजा संपली होती. त्यांना बरं वाटतंय असं मानलं की सोमवारी कामावर जाता येत होतं. तो तीन मलाही हवा होता.

पुढच्याच महिन्यात एका सकाळी ते मोरीतून उठू शकले नाहीत. पायांत जोरच नव्हता. एमआरआयमध्ये मणक्यांत पसरलेला कॅन्सर दिसला. "दोन महिन्यांपूर्वी का आणलं नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं. त्यानंतर अण्णा एकेचाळीस दिवस जगले. शेवटी शेवटी त्यांना कोणी आकडा विचारत नव्हतं.

तेराव्यानंतर तृप्ती घरी आली. सोफ्याच्या कडेवर बसली, चहाला हात लावला नाही.

"ताई, मी बाबांचा फॉर्म रोज काढून बघते. मी विचारलं होतं हो. रात्रीचं, वजनाचं, सगळं विचारलं होतं. माझ्या नजरेतून काय सुटलं तेच कळत नाही. आता नवीन पेशंटला हात लावायचा म्हटलं तरी भीती वाटते."

"तुमचं काही सुटलं नाही," मी म्हणाले. "ते खोटं बोलले. तुमचं काम अडू नये म्हणून."

तिने वर पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"मी तिथेच उभी होते."

मग तिने पिशवीतून फाइल काढली आणि अण्णांचं पान उघडलं.

"त्या दिवशी खरा किती होता?"

"आठ. नऊही असेल."

"आठ लिहिते."

"तुमचा निकाल बदलेल ना?"

"बदलेल."

तिने तीनवर एक सरळ रेघ मारली. गिचमिड केली नाही. खोडलेला आकडा वाचता आला पाहिजे, असा नियम आहे म्हणाली. शेजारी आठ लिहिला आणि पेन माझ्यापुढे धरलं. दुरुस्ती कुणाच्या सांगण्यावरून केली, तेही लिहावं लागतं.

मी नाव लिहिलं. नात्यापुढे 'मुलगी' लिहिलं. खाली सही केली.

"तारीख कोणती घालू?" मी विचारलं.

"आजची," ती म्हणाली.