डॉक्टरांनी भरलेली गाडी

थेल्मा ट्रँटर सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवून सप्टेंबरात निवृत्त झाली आणि ऑक्टोबरच्या पहिल्याच शनिवारी एक लालचुटुक, उघडी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार घेऊन स्वतःच्या फाटकात येऊन थांबली. गाडीचं वय तेहतीस. तिचा नवरा मर्विन तेव्हा बागेत ओणवा होऊन प्रदर्शनाला न्यायच्या भोपळ्याचा घेर टेपने मोजत होता.

"ही कुणाची?" त्याने मान वर करून विचारलं.

"आपली."

"आपली म्हणजे?"

"म्हणजे माझी. तुला बसायला मिळेल म्हणून आपली म्हटलं."

मर्विनने गाडीभोवती एक चक्कर मारली. "थेल्मा, लोक निवृत्त झाल्यावर विणकाम करतात गं."

"मला विणकाम येत नाही. गाडी येते."

पोस्टाच्या खिडकीत लावलेल्या एका कार्डावरून तिला ही गाडी सापडली होती. विकणारे होते ऑब्री फेनिमोर, दातांचे डॉक्टर. आता तेही निवृत्त होते, पण चर्च स्ट्रेटन गावातलं असं तोंड नव्हतं ज्यात त्यांनी कधी आरसा घातला नव्हता. बारा वर्षं दर रविवारी आपण हिच्यावर जीव ओतलाय, असं सांगताना त्यांचे डोळे पाणावले होते. थेल्माच्या दोन दाढा त्यांनीच भरलेल्या, आणि वीस वर्षं झाली तरी त्या दगडासारख्या टिकून होत्या. अशा माणसावर संशय कसा घ्यायचा? रोज सकाळी बसच्या प्रत्येक चाकावर लाथ मारून बघितल्याशिवाय न निघणारी ही बाई. पण इथे तिने रंग पाहिला, इंजिनाचा घुमणारा आवाज ऐकला आणि खाली वाकूनसुद्धा न बघता पैसे मोजले.

चार दिवस ती हवेत होती. पाचव्या दिवशी स्टेशनजवळच्या उतारावर तिने ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण टाच थांबली नाही. ती तळाचा पत्रा फोडून खाली गेली आणि थेल्माच्या तळपायाला रस्त्याचा गारवा लागला. पाय फाकवून, एखाद्या बदकासारखी, ती गाडी हाकत थेट नेस्टा गॉफच्या शेडमध्ये घेऊन गेली.

नेस्टा तिची शाळेतली मैत्रीण. चाळीस वर्षं पंचक्रोशीतले ट्रॅक्टर दुरुस्त करून तिचे हात फावड्यासारखे झाले होते आणि जीभ त्याहून धारदार. तिने गाडी जॅकवर चढवली आणि खिशातून लोहचुंबक काढलं. दाराखालच्या पट्टीला लावलं. टप्. खाली पडलं. मागच्या चाकावर लावलेल्या पत्र्याला लावलं. टप्. सहा ठिकाणी लावून झाल्यावर तिने ते थेल्माच्या हातात दिलं.

"लोखंड सापडलं तर मला हाक मार," ती म्हणाली. "तोवर मी चहा टाकते."

"अगं, पण मग हे आहे तरी काय?"

"पुट्टी. वर रंग. डॉक्टरांना भोक दिसलं की भरायची सवय ना! भरत गेले बिचारे." नेस्टाने छिन्नीने एक ढलपी उडवली, मागे गंजाचा भुगा भुरभुरत खाली आला. "तळ गेला, पट्ट्या गेल्या. इंजिन तेल पितंय, क्लचप्लेट संपलीय. ही गाडी रंगाच्या जोरावर उभी आहे, थेल्मा. पावसात काढली असतीस तर विरघळली असती."

पुट्टीचा मुठीएवढा तुकडा पर्समध्ये टाकून थेल्मा डॉक्टरांच्या घरी निघाली. वाटेत तिने झोंबतील अशी चार-पाच वाक्यं जुळवली होती. डॉक्टरांनी दार उघडून अगत्याने आत बोलावलं, चहा दिला. तिने तो तुकडा बशीत ठेवला.

"हे काय आहे, डॉक्टर?"

डॉक्टरांनी चष्मा लावून तो उलटसुलट करून पाहिला. "हे डाव्या दारामागचं. एकोणनव्वद सालचं." आवाजात जरा कौतुकच होतं.

"भरायच्या आधी गंज काढला होतात?"

"थोडा."

"थोडा? माझ्या दाढेतली कीड तुम्ही थोडीच काढली असतीत तर आज माझी दाढ कुठे असती?"

डॉक्टर पांढरेफटक पडले आणि हळूच खुर्चीत बसले. लबाडी नव्हती ती, हे थेल्माला त्या चेहऱ्यावरूनच कळलं. आपण गाडी दुरुस्त करतोय, असंच हा माणूस बारा वर्षं समजत होता. मग ते उठले, कपाटातून चेकबुक काढलं आणि म्हणाले, "सगळे पैसे परत देतो. आणि क्षमा मागतो, मिसेस ट्रँटर. मला खरंच माहीत नव्हतं."

ती याचसाठी आली होती. आता फक्त हात पुढे करायचा. पण सही करता करता डॉक्टर थबकले. "तिचं काय करायचं मग?"

"नेस्टा म्हणते, भंगारात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. थेल्माला ते चार दिवस आठवत होते. सत्तावीस वर्षं तिच्या पाठीमागे पन्नास पोरं किंचाळत होती, सँडविच फेकत होती, एकमेकांचे केस ओढत होती. मार्शब्रुकच्या रस्त्यावर त्यातल्या सोमवारी पहिल्यांदा तिच्या मागे कुणीच नव्हतं. फक्त वारा होता, आणि पायाखाली गुरगुरणारं ते इंजिन. ती एकटीच मोठ्याने हसली होती.

"चेकबुक आत ठेवा," ती म्हणाली. "तुमच्याकडे जुने कपडे आहेत का?"

"आहेत. का?"

"शनिवारी नऊ वाजता नेस्टाच्या शेडमध्ये या. तुम्ही भरलंय ते तुम्हीच उकरायचं."

शनिवारी डॉक्टर हजर. काखेत चामड्याची पेटी, पेटीत त्यांची जुनी हत्यारं ओळीने लावलेली. नेस्टाने ती बघून कपाळाला हात लावला. "हे दात कोरायचं घेऊन काय करणार, डॉक्टर? गाडी आहे ही. जबडा उघडणार नाही ती."

"बघू या," डॉक्टर म्हणाले आणि गाडीखाली आडवे झाले. दुपारी नेस्टा वाकून बघायला आली. तिचा तारेचा ब्रश जिथे पोचत नव्हता, अशा सांदीकोपऱ्यांतून त्यांनी गंजाचा कण न् कण काढून खाली चकचकीत पत्रा दाखवला होता. फक्त सवय जात नव्हती. एखाद्या नाजूक जागी टोचायच्या आधी ते हळूच म्हणायचे, "थोडं दुखेल हं."

"तिला नाही, मला दुखतंय," नेस्टा ओरडायची. "माझ्या पायावर रेलू नका!"

थेल्मा वेल्डिंग शिकली. पहिले टाके कबुतरांनी शिटून ठेवल्यासारखे पडले. नेस्टाने ते कापून काढले, पुन्हा घालायला लावले, पुन्हा कापले. नाताळापर्यंत टाके सरळ येऊ लागले, तेव्हा नेस्टा एवढंच म्हणाली, "आता शिटणाऱ्याला शिस्त आलीय." थेल्माला हे प्रशस्तिपत्रक वाटलं.

शेडमध्ये जागा नव्हती म्हणून इंजिन मर्विनच्या काचघरात आलं. त्याच्या रोपांच्या ट्रेशेजारी पिस्टन मांडलेले पाहून मर्विन दोन दिवस बायकोशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ती आत गेली तर हा भिंग डोळ्याला लावून एक पिस्टन निरखत होता.

"काय करतोयस?"

"काही नाही." त्याने मोजपट्टी लपवली. मग राहवेना. "दोन नंबरचा झिजलाय. बाकीच्यांपेक्षा केसभर. तुमच्यातल्या कुणी मोजलं नाही वाटतं?"

कुणी मोजलं नव्हतं. जो माणूस भोपळ्याचा घेर रोज सकाळ-संध्याकाळ टिपून ठेवतो, त्याच्या नजरेतून केसभर झीज सुटणार कशी! त्या दिवसापासून इंजिन त्याचं झालं. काचघरात शिरताना थेल्माला दारावर टकटक करावी लागे.

फेब्रुवारीत मोठा फटका बसला. मागच्या स्प्रिंगांचे पाटे जिथे सांगाड्याला बसतात तिथला पत्रा कापला आणि आतून सांगाडाच कुजलेला निघाला. नेस्टाने हत्यारं खाली ठेवली.

"आता बोलते ते मैत्रीण म्हणून. थांब. याला गाडी म्हणत नाहीत, आठवण म्हणतात."

थेल्मा उलट्या खोक्यावर बसली. तिची बोटं भाजलेली होती, गुडघे धरले होते. आपण किती मूर्ख आहोत याचा हिशोब तिने मनातल्या मनात पहिल्यांदाच मांडला. डॉक्टर एका कोपऱ्यात आपली हत्यारं पुसत राहिले. तेवढ्यात मर्विन सूपचं भांडं घेऊन आला, खाली वाकून त्याने सांगाडा पाहिला, सगळ्यांचे चेहरे पाहिले.

"थांबायचं?" तो म्हणाला. "आणि माझ्या काचघरातलं इंजिन काय भोपळ्याला बसवू? ते आता घड्याळासारखं जुळलंय. त्याला गाडी पाहिजे."

"सांगाडा नवा घडवावा लागेल, मर्विन," नेस्टा म्हणाली.

"मग घडव. मापं मी देतो."

मापं घेण्यातच दोन आठवडे गेले, पण नेस्टाने घडवलेला तुकडा पहिल्या फटक्यात बसला.

मे महिन्यात गाडी तपासणीला गेली. तपासणारा माणूस अर्धा तास खाली हातोडीने ठोकत होता आणि बाहेर बाकावर चौघं, निकालाची वाट बघणाऱ्या पोरांसारखी, एकमेकांकडे न बघता बसली होती. शेवटी तो बाहेर आला. "हॉर्न वाजत नाही. बाकी पास. खालचं काम कुणी केलंय?"

चौघांनीही हात वर केले.

हॉर्नची तार नेस्टाने तिथेच जोडली. मग प्रश्न उभा राहिला. गाडीत जागा दोन आणि मालक चार.

"मी माझ्या व्हॅनमधून मागे येते," नेस्टा म्हणाली. "मीच जोडलेल्या गाडीत बसण्याइतकी मी भोळी नाही."

डॉक्टर अदबीने म्हणाले, "मिस्टर ट्रँटर बसतील, साहजिकच."

मर्विन आधीच बसला होता. कानटोपीचे बंद हनुवटीखाली बांधून, मांडीवर चहाचा थर्मास घेऊन. लाँग मिंड टेकडीच्या अंगावर येणाऱ्या चढावर, एका बाजूला दरी आणि समोर रस्त्यात बसलेल्या मेंढ्या, तरी तो ओरडत होता, "जरा जोरात घे की! बस आहे का ही?"

माथ्यावर पोचता पोचता बोनेटमधून वाफ निघू लागली. व्हॅनमधून नेस्टा आणि डॉक्टर उतरले. रेडिएटरमधलं पाणी उकळून गेलं होतं आणि पाणी कुणीच आणलं नव्हतं. इंजिन निवेपर्यंत थांबून मर्विनने थर्मास उघडला आणि उरलेला चहा आत ओतला.

"अरे, दूधसाखरेचा चहा!" नेस्टा किंचाळली.

"साखर नाही घातली," मर्विन म्हणाला. "डॉक्टर सोबत आहेत ना."

थेल्मा एवढी हसली की तिला बोनेटचा आधार घ्यावा लागला. खाली सगळं खोरं उन्हात पडलं होतं. डॉक्टर दाराच्या नव्या पट्टीवरून हलकेच बोट फिरवत होते.

"मिसेस ट्रँटर," ते म्हणाले, "उतरताना मी बसलो तर चालेल?"

थेल्माने मर्विनकडे पाहिलं. मर्विनने कानटोपीचे बंद सोडले, ती डॉक्टरांच्या डोक्यावर बसवली आणि हनुवटीखाली स्वतः गाठ मारून दिली.

"फक्त उतरताना हं," तो म्हणाला. "चढताना माझी जागा."