टमरेलाला ठाऊक होते

मी एक जुने टमरेल आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. माझ्यावाचून या घरात कुणाची सकाळ झालेली नाही.

गुणवंताभाऊंनी मला पांढुर्ण्याच्या बाजारातून रामाकोन्याला, त्यांच्या गावी, आणले. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा पत्रा, मजबूत कान. आधी मी त्यांच्याबरोबर संत्र्याच्या बागेत जाई. पुढे घरामागे संडास बांधला आणि माझी बदली त्या अंधाऱ्या कोपऱ्यात झाली. तांब्या-पेल्यांत माझी उठबस नाही. पाहुण्यांपुढे माझे नावही कुणी काढत नाही.

मग दिवाळीनंतर त्यांची अकरावीतली लेक उर्वशी माझ्याकडे वारंवार येऊ लागली. कधी भरल्या ताटावरून उठून, कधी रात्री झोपेतून. पोटात कळ आली की ती मला घट्ट धरून बसे. रक्त आणि आव पडे. ती पाणी ओतून सगळे धुई, डोळे पुसे आणि बाहेर जाई. तिची सौसरची शाळा बुडू लागली, कपडे ढगळ झाले. तिचे दुःख एकट्या मला ठाऊक होते आणि मला वाचा नव्हती.

संत्र्याचे पान पिवळे पडले, तर गुणवंताभाऊ बुंध्याशी उकरून मूळ बघत. लेकीचा चेहरा पांढरा पडला तेव्हा मात्र म्हणाले, "संत्री बाधली तिले. बंद करा."

संत्री बंद झाली, रक्त नाही.

पुढे बागेला ताण दिला. झाडांनी बहर धरावा म्हणून त्यांचे पाणी तोडतात. घरची टाकीही बागेच्याच मोटरीवर भरे; मोटर बंद, म्हणून तीही कोरडी. एका सकाळी उर्वशीजवळ माझ्यात मावेल एवढेच पाणी होते. ते पुरले नाही, रक्त तसेच राहिले. तिची आई नलिनीबाई बादली घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"कधीपासून होऊन राहिलं हे?"

"दिवाळीपासून. मले वाटलं, मूळव्याध असंन. बाबाले कसं सांगू?"

"मले तं सांगायचं होतं, माय."

दोघी तिथेच रडल्या.

नागपूरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासले. आतड्याला आतून सूज होती, जखमा होत्या. मूळव्याध नव्हती आणि संत्र्यांचाही दोष नव्हता. आजार दीर्घकाळ चालणारा आहे, पण औषधाने आटोक्यात राहतो, असे ते म्हणाले.

मित्रांनो, पोट आठवडेच्या आठवडे बिघडलेले राहिले, रक्त पडले, अंग वाळत चालले, तर लाजू नका. घरच्यांना सांगा, डॉक्टरांना दाखवा. टमरेलाला सांगून काही होत नाही.

उर्वशी आता येते आणि माझ्याकडे न बघता चटकन निघून जाते. मला फार एकटे वाटते. तरी तिने मला पुन्हा तसे घट्ट धरू नये.